बाईचं प्रमोशन आलं की अख्खं घर मीटिंगला बसतं

आज परत एका कलीगने प्रमोशन नाकारलं आणि माझं डोकं फिरलंय. सरकारी बँकेत क्लार्क आहे ती, सांगलीत. जेएआयआयबी, सीएआयआयबी या बँकवाल्यांच्या दोन्ही परीक्षा झालेल्या, पोरगं झोपल्यावर रात्री स्वयंपाकघरात बसून अभ्यास केला बिचारीने, लेखी पास, इंटरव्ह्यू पास, लिस्टमध्ये नाव. आता क्लार्कचा ऑफिसर झालं की पोस्टिंग बाहेर मिळतं हे बँकेत कुणालाही विचारा, तिला लातूर मिळालं.

तर नवरा म्हणाला, "माझी काही हरकत नाही, तू जा, फक्त पोराची दहावी आणि आईचं औषधपाणी कोण बघणार तेवढं ठरव."

आणि वर सगळे म्हणतात नवरा किती समजूतदार, कधी नाही म्हणाला नाही. अरे त्याला नाही म्हणायची गरजच काय? सगळं घर तिच्या डोक्यावर ठेवायचं आणि मग म्हणायचं जा, ती जाणार कशी? हाच माणूस पोरगा पाचवीत असताना कंपनीने प्रमोशन दिलं म्हणून हैदराबादला गेला, तेव्हा सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर होतं, पण कोण बघणार असं कुणाच्या तोंडातून निघालं नाही, पेढे वाटले सोसायटीत. बघितलं सगळं हिनेच, बँक सांभाळून.

आज लंच टाइममध्ये तिने काउंटरवर बसूनच लेटर टाइप केलं, "घरगुती कारणास्तव मी सदर पदोन्नती स्वीकारण्यास असमर्थ आहे". डबा तसाच बंद. मला म्हणाली स्पेलिंग बघ गं एकदा. मला इतका संताप आला ना! फायलीत आता कायम हेच राहणार की बाईच नको म्हणाली, नवऱ्याचं, सासरचं नाव कुठेच नाही. आमच्याकडे एकदा नकार दिला की पुढे काही काळ परीक्षेला बसता येत नाही, तोपर्यंत तिच्या मागून लागलेली पोरं तिची साहेब होऊन येतात. आणि हेच साहेब लोक मग मीटिंगमध्ये सांगतात की लेडीज स्टाफला जबाबदारी नको असते.

सरकारचाच 2024 चा टाइम यूज सर्व्हे आहे, घरकामात बाईची दिवसाला 289 मिनिटं जातात आणि पुरुषाची 88, आणि ही 88 सुद्धा जे पुरुष घरात काहीतरी करतात फक्त त्यांची सरासरी, जे पाण्याचा ग्लाससुद्धा उचलत नाहीत ते यात धरलेलेच नाहीत. म्हणजे नोकरी, वर हे जवळजवळ पाच तास, आणि वर तिने प्रमोशनचा अभ्यासही करायचा.

सरकारी नियम तरी कुठे वेगळे आहेत? केंद्र सरकारच्या नोकरीत मुलांसाठी 730 दिवसांची बालसंगोपन रजा आहे, बायकांना मिळते, पण पुरुषाला तो एकटा पालक असेल तरच. म्हणजे घरात बायको असेल तर पोरं तिनेच बघायची हे सरकारनेही लिहून ठेवलंय. लष्करात नर्सिंग सर्व्हिसमधल्या लेफ्टनंट सेलिना जॉन यांना 1988 मध्ये लग्न केलं म्हणून नोकरीवरून काढलं होतं, नियम फक्त बायकांसाठी, 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने 60 लाख भरपाई द्यायला लावली. 36 वर्षांनी! पण तो नियम निदान कागदावर होता म्हणून कोर्टात नेता आला. "फक्त आईचं औषधपाणी कोण बघणार तेवढं ठरव" हे कुठल्या कोर्टात न्यायचं?

आणि कृपा करून मला सांगू नका की सगळीच घरं अशी नसतात. माहितीये मला. आमच्याच ब्रँचला एक जण आहे, बायकोची बदली नांदेडला झाली तर दोन्ही पोरांचे डबे, शाळा, पालकसभा सगळं स्वतः करतोय, आणि स्टाफमधले लोक त्याला बायकोचा गुलाम म्हणतात, त्याच्या तोंडावर म्हणतात.

मला एवढंच म्हणायचंय की बायकोचं नाव लिस्टमध्ये आलं की "माझी हरकत नाही" बोलूच नका. दहावीच्या क्लासचं टाइमटेबल तुमच्या मोबाइलमध्ये घ्या, आईची औषधं कुठली, कधी संपतात, डॉक्टर कोण, सगळं तिला न विचारता शोधून काढा, पोळीभाजीला बाई लावायची असेल तर ती तुम्ही शोधा. आणि हे ती जायच्या आदल्या दिवशी नाही, ती परीक्षेचा फॉर्म भरते तेव्हाच करा.