जुने जर्मन ट्रेनिंगचे फटाके "डमी" असतात म्हणे, तो फॉरवर्ड जरा नीट वाचा

जर्मनीतल्या आपल्या लोकांच्या ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय. फ्लोमार्क्टवर (जुन्या वस्तूंच्या बाजारात) किंवा घरमालकाच्या तळघरात आर्मीचे जुने ट्रेनिंगचे फटाके मिळाले तर बिनधास्त उचला, डीएम लिहिलंय म्हणजे महायुद्धातलं, रंग मारलाय म्हणजे डमी, दारू तर कधीच मेलेली, आणि नसली मेली तर थर्टीफर्स्टला उडवा. एकही मुद्दा खरा नाही, आणि शेवटचे दोन तर कुणाची तरी बोटं घेतील.

डीएम म्हणजे डॉइचेस मोडेल (जर्मन मॉडेल), बुंडेसवेरची, म्हणजे महायुद्धानंतरच्या जर्मन सैन्याची, नंबर द्यायची पद्धत. बुंडेसवेर उभं राहिलं १९५५ ला, मग डीएम आणि पुढे आकडा असलेली वस्तू हिटलरच्या काळातली कशी असेल? त्या काळच्या मालावर वाफेनाम्टचा, म्हणजे तेव्हाच्या सैन्याच्या शस्त्र खात्याचा, गरुडाचा शिक्का किंवा कारखान्याची कोड अक्षरं बघा.

आता रंग. महायुद्धातल्या दांडीच्या ट्रेनिंग ग्रेनेडचं डोकं लाल असायचं आणि त्याला भोकं असायची. भोकं कशाला, तर आतला छोटा बार उडाला की धूर बाहेर यावा म्हणून! म्हणजे आत दारू होतीच, आणि पेटवायची यंत्रणा खऱ्या ग्रेनेडचीच, दोरी ओढल्यावर साधारण साडेचार सेकंदांची. नंतरच्या नाटो पद्धतीत निळा रंग सरावाच्या मालाला, पूर्ण निकामी कवायतीच्या मालाला ब्राँझ. आणि छापील शब्द वाचा: "यूबुंग" म्हणजे सराव, आत काहीतरी उडणारं असू शकतं, डमीवर "एक्सेर्त्सियर" असतं. मेसेजवाल्याने हे दोन्ही एकच धरलेत, सगळा घोळ तिथेच आहे. आणि ब्राँझ दिसला तरी हात लावू नका, रंग कुणीही मारू शकतो.

दारू मेली, हे तर सगळ्यात धोकादायक. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक, कोळसा, कोरडी राहिली तर कित्येक दशकं चालते, भिजून सुकली तरी मेली असा भरवसा नाही. अ‍ॅल्युमिनियमची फ्लॅश पावडर असेल तर ओलाव्याने आतल्या आत रिअ‍ॅक्शन होऊ शकते, आणि घासून पेटणारं टोक असेल तर पुठ्ठा मऊ पडून ते उघडं पडतं, मग नुसती धूळ झटकायला गेलात तरी काडी ओढल्यासारखं होतं. बाल्टिकच्या उझेडोम बेटावर आजही लोक अंबर (झाडाच्या राळेचा पिवळसर खडा) समजून महायुद्धातल्या बॉम्बमधला पांढरा फॉस्फरस खिशात टाकतात, तो सुकला की आपोआप पेटतो आणि माणूस भाजतो. इतकी वर्षं समुद्रात पडूनही!

राहिलं थर्टीफर्स्ट. जर्मनीत दुकानातला एफ२ गटाचा (थर्टीफर्स्टचा नेहमीचा) फटाका चालतो, त्यावर सीई ही युरोपची मंजुरीची खूण आणि तपासणाऱ्या संस्थेचा नंबर असतो, बर्लिनच्या बाम संस्थेचा ०५८९. जुन्यांवर बाम-पी-दोन असं छापलेलं असायचं. आर्मीच्या मालाला ही मंजुरी नसते, आणि परवान्याशिवाय तो बाळगला तर स्फोटक कायद्याच्या कलम ४० खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. स्टुडंट व्हिसावर असाल तर त्याचं काय होईल ते तुम्हीच बघा.

सापडलंच तर उचलू नका, फिरवून नंबर वाचायचा नाही, लांब व्हा आणि ११० ला फोन करा, पोलीस पुढे कांपफमिटलरॉयमडीन्स्टला, म्हणजे जुना दारूगोळा हटवणाऱ्या पथकाला, बोलावतात. फोटो काढायचाच तर लांबूनच, झूम करून.