परदेशी न्यायालयाचा पोटगीचा हुकूम गोव्यात ‘रद्दी’ ठरतो का?

बोटीवर आणि आखातात नोकरी करणाऱ्या गोवेकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा: ‘परदेशी कोर्टाने मुलाच्या पोटगीचा हुकूम दिला तरी घाबरू नका, गोव्यात तो रद्दी कागद आहे. पोस्टाने आलेली नोटीस घेऊ नका, कोर्टात जाऊ नका, तीन वर्षे काढली की प्रकरण मिटते. घर आईवडिलांच्या नावावर असेल तर जप्त काय करणार? पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर भारतीय कोर्टाचा तुमच्याशी संबंधच नाही. आणि मूल भेटायला देत नाहीत तर पैसे कशाला द्यायचे?’ ही निव्वळ थाप असती तर तिकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु यातील काही विधानांना कायद्याचा अर्धामुर्धा आधार आहे, आणि म्हापशात वकिली करताना माझ्याकडे येणाऱ्या माणसांचे नुकसान बहुतेक वेळा त्या अर्ध्या आधारावर विसंबल्यामुळेच झालेले असते.

‘रद्दी कागद’ हे विधान आधी पाहू. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 चे कलम 13 परदेशी न्यायालयाचा निवाडा त्याच पक्षकारांमध्ये निर्णायक मानते आणि त्याला सहाच अपवाद ठेवते: न्यायालयाला अधिकारक्षेत्र नसणे, निवाडा गुणदोषांवर (म्हणजे मुद्दे आणि पुरावा तपासून) दिलेला नसणे, आंतरराष्ट्रीय कायद्याचा चुकीचा अर्थ लावलेला असणे किंवा भारतीय कायदा लागू असताना तो नाकारलेला असणे, नैसर्गिक न्यायाचा (म्हणजे बाजू मांडण्याची संधी देण्याच्या तत्त्वाचा) भंग, फसवणूक, आणि भारतातील कायद्याच्या भंगावर उभा असलेला दावा. कलम 14 नुसार प्रमाणित प्रत हजर झाली की अधिकारक्षेत्र होते असे गृहीत धरले जाते. ते नव्हते हे दाखवण्याचे ओझे हरकत घेणाऱ्यावर येते. कलम 44अ त्याहून पुढे जाते. केंद्र सरकारने ‘पारस्परिक’ म्हणून घोषित केलेल्या देशाच्या वरिष्ठ न्यायालयाचा पैशांचा हुकूमनामा आपल्या जिल्हा न्यायालयात दाखल केला की तो जणू त्याच न्यायालयाने दिला असावा अशा रीतीने अमलात आणता येतो. कर आणि दंडाच्या रकमा यातून वगळल्या आहेत, पोटगी वगळलेली नाही.

या यादीत ब्रिटन फार पूर्वीपासून आहे. संयुक्त अरब अमिराती 17 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने आली आणि त्या अधिसूचनेत दुबई न्यायालयांचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे दुबईची नोकरी सोडून काणकोणला परतलेल्या बापाविरुद्ध तिथल्या हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, मडगावच्या जिल्हा न्यायालयात लागू शकते. इंग्लंडच्या बाबतीत मात्र एक मेख आहे. ब्रिटनसाठीच्या 1953 च्या अधिसूचनेत इंग्लंडचे उच्च न्यायालय आणि अपील न्यायालय यांची नावे आहेत, तर आज मुलांच्या पोटगीचे बहुतेक आदेश तिथल्या कौटुंबिक न्यायालयातून निघतात. त्यामुळे स्विंडनला राहिलेल्या गोवेकराच्या प्रकरणात थेट दरखास्तीवर हरकत घेण्यास जागा राहते. पोर्तुगाल, अमेरिका आणि कॅनडा तर यादीतच नाहीत. ज्या देशाचा 1867 चा नागरी कायदा आपल्या घरादाराच्या व्यवहारांत अजून बऱ्याच अंशी चालतो, त्याच देशाचा हुकूमनामा पणजीत थेट अमलात येत नाही, हा इतिहासाने केलेला विनोदच म्हणायचा.

पण थेट अंमलबजावणी होत नाही याचा अर्थ काहीच होत नाही असा नाही. अशा देशांच्या निवाड्यावर इथे नवा दावा लावता येतो, आणि तो निवाडा कलम 13 च्या अपवादांत बसत नसेल तर मूळ वाद पुन्हा पहिल्यापासून चालवावा लागत नाही. शिवाय मुलाच्या आईला परदेशी हुकूम बाजूला ठेवून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली, बाप जिथे राहतो त्या जिल्ह्यात स्वतंत्र अर्ज करता येतो. तिथे सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनीश विरुद्ध नेहा या निवाड्यानुसार बापाला आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि हुकूम मोडल्यास प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंतची कैद होऊ शकते.

संदेश पुढे पाठवणारे काही जण सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या नरसिंह राव निवाड्याचा दाखला देतात. तो निवाडा परदेशातून मिळवलेल्या घटस्फोटाबद्दल आहे. परदेशी घटस्फोट इथे अमान्य ठरला तर विवाह टिकतो; त्याने मुलाची पोटगी कमी होत नाही. कलम 144 तर आईबापांचा विवाह झाला होता की नाही हेही विचारत नाही.

नोटीस न घेण्याचा सल्ला हा या संदेशातला सर्वांत महाग पडणारा भाग आहे, आणि दुर्दैवाने त्यालाच कायद्याचा खरा आधार थोडा आहे. न्यायालयीन कागद परदेशी बजावण्याच्या 1965 च्या हेग करारात भारत सहभागी आहे, परंतु पोस्टाने थेट बजावणी करण्यास भारताने हरकत नोंदवली आहे. परदेशी न्यायालयाचे समन्स दिल्लीच्या विधी व न्याय मंत्रालयामार्फत जिल्हा न्यायालयात आणि तिथून बेलीफाच्या हाती यावे लागते. म्हणून नुसत्या पोस्टाच्या पाकिटावर आधारलेल्या एकतर्फी हुकुमाला इथे नैसर्गिक न्यायाची हरकत घेता येते. पण बाप तिकडे असतानाच त्याच्या हातात समन्स पडले असेल, तर ही हरकत उभीच राहत नाही.

गेल्या पावसाळ्यात बार्देशातला एक तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी, माझ्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत चार पाकिटे घेऊन आला. एकही उघडलेले नव्हते. तिघांवर परदेशी टपालाचे शिक्के होते आणि चौथ्यावर आपल्याच जिल्हा न्यायालयाचा. चौथे पाकीट बेलीफाकडून त्याच्या आईने सही करून घेतले होते आणि मुलगा बोटीवरून आला की बघेल म्हणून देवघरात गणपतीच्या तसबिरीमागे ठेवून दिले होते. प्रतिवादी लवकर घरी येण्याचा संभव नसेल तर घरातल्या सज्ञान माणसावर झालेली बजावणी आपल्या संहितेला चालते. पाकीट उघडले तेव्हा सुनावणीची तारीख उलटून सात आठवडे झाले होते. तिकडच्या न्यायालयाने मुलाच्या शाळेची फी, घरभाडे आणि बापाची दोन वर्षांपूर्वीची पगारपावती पाहून रक्कम ठरवली होती. त्याचे कंत्राट मध्यंतरी संपले होते आणि पगार बराच उतरला होता, पण हे सांगायला तिथे कोणीच नव्हते. निवाडा एकतर्फी आहे एवढ्यावरून तो गुणदोषांवर नाही असे होत नाही. पुरावा न पाहता नुसत्या गैरहजेरीवर दिला असेल तरच ती हरकत टिकते, हे इंटरनॅशनल वूलन मिल्सच्या 2001 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. इथे पुरावा पाहिला गेला होता. हजर राहिल्याने तिकडच्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केल्यासारखे होते ही भीती खोटी नाही, परंतु त्यावरचा उपाय पाकीट देवघरात ठेवणे हा नसून, वकिलामार्फत पहिल्याच पावलाला अधिकारक्षेत्राची हरकत नोंदवणे हा आहे.

‘तीन वर्षे’ हा आकडा मुदत कायद्याच्या अनुच्छेद 101 मधून आला आहे. यादीबाहेरच्या देशाच्या निवाड्यावर दावा लावण्यासाठी ती मुदत आहे, सर्वांना सरसकट लागू असलेली नाही. यादीतल्या देशाच्या हुकूमनाम्याला ज्या देशाने तो दिला त्या देशाची मुदत लागते, असे बँक ऑफ बडोदा विरुद्ध कोटक महिंद्र या 2020 च्या निवाड्यात ठरले आहे. आणि महिन्याला देय असलेल्या पोटगीत दर महिन्याला नवी रक्कम थकते, तेव्हा तीन वर्षे काढली म्हणजे छत्तीस हप्ते साचवले, एवढेच होते. थकबाकी जुनी असल्याची तक्रार मूळ न्यायालयातच जास्त कामाची असते. इंग्लंडमध्ये बारा महिन्यांहून जुन्या थकबाकीच्या वसुलीसाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

घराबद्दलचे विधान तेवढ्यापुरते बरोबर आहे. आईवडिलांच्या नावावरचे घर त्यांच्या हयातीत मुलाच्या देण्यासाठी जप्त होत नाही. मात्र बँकेतली ठेव, स्वतःच्या नावावरचा फ्लॅट, त्याचे भाडे आणि पगार यांना हे संरक्षण नाही. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगाराचा बराचसा भाग जप्तीपासून सुटतो, पण पोटगीच्या हुकूमनाम्यात संहितेचे कलम 60 फक्त एक तृतीयांश पगार सोडते.

पासपोर्टचा मुद्दा एका परिच्छेदाच्याही लायकीचा नाही. पोटगी नागरिकत्वावर अवलंबून नसते, आणि लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज झालेला माणूस म्हापशात राहत असेल तर तो म्हापशाच्या न्यायालयाच्या कक्षेतच असतो. उलट तो पोर्तुगालला गेला तर अडचण वाढते, कारण ब्रिटन आणि पोर्तुगाल दोघांनाही मुलांच्या पोटगीची परदेशात वसुली सोपी करणारा 2007 चा हेग करार लागू आहे, भारताला तो लागू नाही.

भेटीच्या मुद्द्यामागची वेदना मात्र खरी आहे. व्हिडिओ कॉलही लावू दिला जात नाही म्हणून माझ्या समोर बसून रडलेले बाप मी पाहिले आहेत. परंतु न्यायालये हे दोन प्रश्न वेगळे ठेवतात. भेटीसाठी वेगळा अर्ज असतो आणि पैसे थांबवले की त्या अर्जाचे वजन घटते. उत्पन्न घटले असेल तर ज्या न्यायालयाने हुकूम दिला तिथेच रक्कम बदलून मागावी लागते, आणि तोवर जमेल तेवढी रक्कम बँकेतूनच, मुलाचा उल्लेख करून पाठवावी, म्हणजे पुढे हिशेब दाखवता येतो.

बार्देशातल्या त्या तारवट्याने शेवटी इंग्लंडमधल्या वकिलामार्फत बदलाचा अर्ज केला. त्याचे कारण कलम 44अ नव्हते. नव्या कंत्राटातले त्याचे जहाज साउथहॅम्प्टनला लागणार होते, आणि ऐपत असून पोटगी न देणाऱ्याला 1869 च्या कायद्याखाली तिथे सहा आठवड्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्याला जहाजावरच्या एका सहकाऱ्याने सांगितले होते.