लेकराला रोज हाच रस्ता ओलांडायचाय का?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

सकाळी औंधहून शिवाजीनगरला निघाले होते. बस पुणे विद्यापीठाच्या गेटजवळ थांबली आणि खिडकीतून पाहिलं, तर दुभाजकावर एक काका उभे. टोपी, खांद्यावर गाठोडं, हातात फडक्यात बांधलेला डबा. मागे त्यांची मुलगी, फाइल छातीशी धरून. काका एक पाऊल पुढे टाकायचे, हॉर्न वाजला की मागे घ्यायचे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मला बसवेना. उतरले, हात दाखवत त्यांच्यापर्यंत गेले आणि दोघांना घेऊन आले. काकांनी दंड इतका घट्ट धरला होता की अजून दुखतोय.

वसमतहून रात्रीच्या एसटीने आलेले. वाकडेवाडीला उतरून रिक्षा केली, तर वळसा नको म्हणून रिक्षावाल्याने रस्त्याच्या अलीकडच्या बाजूलाच उतरवून दिलं. पोरीचा एम.एस्सी.ला नंबर लागलाय.

ऑफिसात पोचते तोच सोसायटीच्या ग्रुपवर विद्यापीठ चौकातल्या नव्या उड्डाणपुलाबद्दल मेसेज, 'पुलावरून सुसाट आलो, चौकाचा प्रश्न मिटला!' खाली अंगठेच अंगठे.

कुणाचा मिटला? आपल्या सोसायटीतले कितीतरी फ्लॅट याच विद्यापीठातल्या मुलांच्या भाड्यावर चालतात. त्यांच्याकडून डिपॉझिट घेताना आपल्याला विद्यापीठ जवळ असल्याचा अभिमान असतो. मग ती रस्ता कसा ओलांडतात, हे एकदा तरी गाडीतून उतरून बघा की! विद्यापीठ इथे १९४९ पासून आहे. पूल आणि वरची मेट्रो आत्ताची. आधी कुणाचा विचार व्हायला हवा होता?

पुलाने कोंडी कमी झाली, मान्य. २०२० मध्ये जुना पूल पाडल्यापासून आपण सगळ्यांनीच भोगलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या पुलाची औंधकडून येणारी बाजू सुरू झाली तेव्हा मीही सुटकेचा श्वास टाकला होता. पण खाली चालणारा माणूस माणूसच आहे ना? त्याला धड फुटपाथ, ठळक पट्टे आणि म्हाताऱ्या माणसालाही पोचता येईल एवढा वेळ सिग्नल, एवढंच मागतेय. आणि गाडीवाल्यांनो, पट्ट्याच्या अलीकडे थांबा. तुमचीही मुलं कुठल्यातरी परक्या शहरात असाच रस्ता ओलांडत असतील.

विद्यापीठाला नाव सावित्रीबाई फुल्यांचं. ज्या बाईने याच पुण्यात शेणाचे गोळे अंगावर झेलत शाळेची वाट सोडली नाही, तिच्या नावाच्या दारात एक पोरगी बापाच्या मागे थरथरत उभी होती. हे मला सहन होत नाहीये.

गेटमधून आत गेल्यावर मात्र ती बदलली. एवढी झाडं बघून हसली, म्हणाली, "काकू, आता जाईन मी." काका तिथेच थांबले. मागे वळून रस्त्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ताई, लेकराला रोज हाच रस्ता ओलांडायचाय का?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

त्यांनी फडकं सोडलं, डब्यातून शेंगदाण्याचे दोन लाडू काढून माझ्या हातावर ठेवले. टेबलावर आहेत अजून. घशाखाली उतरत नाहीत.