दाराशी समुद्र असताना पडद्यावर कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

सहावीसाठी मी समुद्रावरच्या प्रकल्पाचा आराखडा टाकला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. सरांचं म्हणणं असं की, समुद्र हाकेच्या अंतरावर असताना मुलांना त्याचे व्हिडिओ दाखवणं हे खूळ आहे, गटात दोघं राबतात आणि बाकीचे नाव लावतात, आणि आठ तासिका फार होतात. शेवटी, 'कोकणातल्या पोरांना समुद्र शिकवायला निघालेल्या मॅडम.'

सर, तुम्ही मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालात असं लिहिलंय. तुमच्या शाळेतल्या एखाद्या बाईंशी चारचौघांत असं बोलला असतात का? मतभेद असू देत, पण 'निघालेल्या मॅडम' हा मुद्दा नव्हे, हा टोमणा आहे. आणि तो चुकीच्या माणसाला मारलाय. मी खारवीवाड्यात वाढले. वडील रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला जायचे, आई डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकायची. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं, त्या रात्री आमच्या वाडीत कोणाचा डोळा लागला नव्हता. मला समुद्र कुणी पडद्यावर दाखवलेला नाही.

म्हणूनच सांगते, दाराशी असलेला समुद्र आपल्याला फक्त वरून दिसतो. माझ्या वडिलांना उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) तोंडपाठ. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला साधारण तीन, अष्टमीला सहा. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालून गेलेली कासवीण पुढे कुठे जाते, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं, तिचं नाव 'प्रथमा' ठेवलं, आणि तिचा प्रवास नकाशावर दिसू लागला. तो नकाशा पुळणीवर उभं राहून कसा दाखवायचा?

दुसरं उदाहरण घ्या. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे ते कळवते. हरितद्रव्य जास्त म्हणजे तिथे सूक्ष्म वनस्पती जास्त, आणि त्यांच्यावर जगणारे जीव, त्यांच्यामागे मासे. ज्या माहितीवर बाप जाळं टाकतो, ती पोराने वर्गात बघितली तर ते खूळ? आणि शाळा उघडते जूनमध्ये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, लाटा अंगावर येणाऱ्या. त्या दिवसांत सहावीच्या मुलांना मी किनाऱ्यावर नेणार नाही. तुम्हीही नेलं नसतंत.

शिवाय, आराखडा पूर्ण वाचला असतात तर पाऊस सरल्यावरची कामं दिसली असती. एका गटाने पंधरा दिवस भरतीची वेळ नोंदवायची आणि पाऊणपटीच्या हिशोबाशी ताडून बघायची. दुसऱ्याने बाजारात बसणाऱ्या बायकांना विचारायचं, कोणती मासळी कमी झाली आणि कधीपासून. तिसऱ्याने ओहोटीला खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर जाऊन कालवं कुठे चिकटलीत आणि खेकडे कुठे लपलेत ते चितारायचं. पडदा आधी, किनारा नंतर, असा क्रम मी मुद्दाम ठेवलाय. खडपात काय शोधायचं ते ठाऊक असलेली पोरं जास्त बघतात, हे माझ्या वर्गात मी पाहिलंय.

आठ तासिका जास्त होतात, हे मान्य. सहात बसवता येईल, तसा बदल करते.

दोघं राबतात हे प्रत्येक गटकामाबद्दल म्हणता येतं. त्यावर इथे वेगळं लिहीत नाही.

पुढे लिहायचं असेल तर जरूर लिहा, सर. फक्त आधी किनाऱ्याचा भाग वाचा, आणि मला नावाने हाक मारा. ते वरती लिहिलेलं आहे.