पर्याय हवेतच, पण आधी सगळे आकडे दिसू द्या

आरोग्य विम्यावरच्या एका लेखात म्हटलंय की रुग्णाला जास्त योजनांमधून निवड करता आली की विमा कंपन्या आपोआप सुधारतील. निवड हवीच, पण हप्त्याशेजारी बाकीचे आकडे दिसत नाहीत तोवर माणूस हप्ता बघूनच योजना घेणार.

साधं गणित बघा. बिल १,००,०००. डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतः भरायची रक्कम, १०,०००. त्यापुढे रुग्णाचा वाटा २० टक्के. म्हणजे १०,००० अधिक १८,०००, एकूण २८,०००. आता रुग्णालय कंपनीच्या यादीबाहेरचं, म्हणजे कंपनीशी दर न ठरवलेलं आहे आणि कंपनी 'वाजवी खर्च' ६०,०००च धरते असं समजा. मग १०,०००, उरलेल्या ५०,०००चे २० टक्के म्हणजे आणखी १०,००० आणि वरचे ४०,००० पूर्ण रुग्णाचे. टक्केवारी तीच, पण २८ हजारांचे थेट ६० हजार झाले! शिवाय हे ४०,००० बऱ्याच योजनांत रुग्णाच्या वार्षिक कमाल खर्चमर्यादेत, म्हणजे वर्षभरात त्याने जास्तीत जास्त भरायच्या रकमेत, धरतच नाहीत.

रुग्णालय यादीत असलं तरी भूलतज्ज्ञ नसू शकतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. नियोजित शस्त्रक्रिया असेल तर रुग्णालयाकडून प्रक्रियेचा कोड, म्हणजे त्या शस्त्रक्रियेचा ठरलेला क्रमांक, घ्या आणि कंपनीला लेखी विचारा: मान्य दर किती? सर्जन, भूलतज्ज्ञ, प्रयोगशाळा, तिन्ही यादीत आहेत का? फोनवर मिळालेलं 'कव्हर आहे' दाव्याच्या वेळी सिद्ध करणं अवघड असतं. पूर्वमंजुरी म्हणजेही पैसे मिळण्याची पक्की हमी नव्हे. दावा नाकारलाच, तर कलम क्रमांकासह कारण लेखी मागा आणि अपिलाची मुदत त्याच दिवशी तपासा.