दहा सेकंद गप्प

छातीत कळ आली की कोल्हापुरात पहिलं निदान गल्लीत होतं. ‘काल तांबडा किती वाट्या ओरपलास?’ एवढ्यावर माझंही प्रकरण मिटलं असतं. पण बायकोच्या कानावर गेलं आणि तिनं मला राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात ईसीजीच्या पलंगावर आडवं केलं.

शर्ट काढल्यावर सिस्टरनी छातीवरचं रान बघून सुस्कारा सोडला आणि रेझर घेतला. मग थंडगार जेल, छातीला सहा रबरी फुगे, हातापायांना चार चिमटे. तारा दहा, पण रिपोर्टात लीड बारा! त्याच तारांच्या वेगवेगळ्या जोड्या लावून हृदय बारा बाजूंनी बघतात म्हणे. दहाचे बारा करणारी माणसं मी आजवर फक्त मार्केट यार्डात बघितली होती.

‘शॉक बसतोय काय ओ?’

‘काका, मशीन करंट देत नाही. तुमचाच मोजतंय.’

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड असतो. त्यातून निघालेली विजेची लहर खालपर्यंत पसरते आणि स्नायू आवळला जातो. कातडीपर्यंत येईतो ती उरते साधारण एक मिलिव्होल्ट. माझ्यात एवढाच करंट आहे, हे बायकोसमोर सांगायची काय गरज होती?

‘आता दहा सेकंद हलायचं नाही, बोलायचं नाही.’

आइन्थोवेन नावाच्या डच माणसाला या यंत्रापायी 1924 चं नोबेल मिळालं. तो पेशंटचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसवायचा. ते परवडलं. पण कोल्हापूरच्या माणसानं दहा सेकंद गप्प? त्यात पडद्यापलीकडचे आजोबा कुणाला तरी ठासून सांगत होते, ‘पांढऱ्यात खोबरं घालतच न्हाईत.’

‘ओ आजोबा! खोबऱ्याच्या दुधाशिवाय पांढरा?’

बाकीच्या स्नायूंनाही वीज असतेच. रेघ थरथरली, पट्टी वाया गेली. सिस्टरनी असं बघितलं की पुढचे दहा सेकंद मी श्वाससुद्धा विचारून घेतला.

डॉक्टरांनी पट्टीवर बोट फिरवलं. पहिला बारका उंचवटा पी, म्हणजे वरचे कप्पे. उंच सुळका क्यूआरएस, खालचे कप्पे. नंतरची टी म्हणजे ते पुन्हा तयार होताना. दोन सुळक्यांत कागदावरचे चार मोठे चौकोन; मिनिटाला असे 300 चौकोन सरकतात, म्हणून 300 भागिले चार, मिनिटाला ठोके 75. ‘नॉर्मल आहे. तरी परत दुखलं तर लगेच या. आणि थर्मल कागद उडतो, झेरॉक्स काढून ठेवा.’

झेरॉक्सवाल्या पोरानं पट्टी उजेडात धरून निरखली.

‘काका, ही टी जरा बसकी वाटालीय न्हवं?’