गावच्या बायकांना "काही होत नाही" असं म्हणू नका

"गावाकडच्या बायकांना पाळी कधी गेली ते कळत पण नाही, पाळी जातानाचे हे सगळे त्रास शहरात एसीत बसून होतात." हे वाक्य मी ठाण्यात सोसायटीच्या हळदीकुंकवापासून लोकलच्या लेडीज डब्यापर्यंत सगळीकडे ऐकलंय आणि दरवेळी तितकीच चीड येते, कारण इथलीला नाजूक ठरवून गप्प करतात आणि तिथलीला खमकी म्हणून कुणी विचारतच नाही.

फरक आहे, नक्की आहे. इथल्या मैत्रिणींचं पहिलं गाऱ्हाणं अंगातून अचानक उठणाऱ्या गरम वाफांचं. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरलं की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग जरा जराशा बदलाने बिथरतो आणि अंगाला दरदरून घाम सोडतो. हा घाम वाळला तर बरं वाटणार ना, पण खाडीकाठच्या दमट हवेत तो वाळतोच कुठे. ऑक्टोबरमध्ये वाशीच्या गाडीत बघा, एखादी पन्नाशीची बाई मानेपासून कानापर्यंत लाल झालेली असते, रुमाल ब्लाउजच्या गळ्यात खुपसून दाराकडे सरकत असते आणि बाजूची म्हणते, "बीपी वाढलं का हो?"

माझ्या थोरल्या जाऊबाई अकोले तालुक्यात डोंगराच्या कुशीत राहतात. त्यांना मी सरळ विचारलं, पाळी जाताना काही त्रास झाला का, तर म्हणाल्या, "छे गं, मला काय झालंय." मग गुडघ्यांवर आलो, कंबरेवर आलो, आणि झोप लागते का विचारलं तेव्हा हळूच म्हणाल्या, "रातच्याला अंगाला आग सुटती बघ, मी उठून ओसरीवर जाऊन बसते." घरात सांगितलं का? "कुणाला सांगू, भातलावणी थांबती का माझ्यासाठी?" म्हणजे त्रास होताच, फक्त त्याच्या आधी सांगण्यासारखी दहा दुखणी होती.

आणि तक्रार नाही म्हणजे शरीरात काही घडत नाही असं अजिबात नसतं. मेक्सिकोतल्या युकातानच्या खेड्यातल्या माया बायकांवरचा अभ्यास 1993 साली छापून आला, त्यात बायकांनी गरम वाफांची तक्रारच सांगितली नाही, पण हार्मोन्स उतरलेले होते आणि हाडंही वयाबरोबर विरळ झालेली होती. मला तर हे वाचून जाऊबाईंचे गुडघेच आठवले.

डोंगराच्या उंचीचं म्हणाल तर पेरूमध्ये अँडीजच्या चार हजार मीटरच्या वर राहणाऱ्या बायकांची पाळी समुद्रसपाटीवरच्या बायकांपेक्षा लवकर जाते असं दिसलंय. पण आपलं कळसूबाई 1646 मीटर, तेही शिखर, गावं तर अजून खाली. तेव्हा सह्याद्रीत विरळ हवेला दोष देऊ नका. आपल्याकडे बायकांच्या दुखण्याची कारणं चुलीजवळ आणि शेतात आहेत, म्हणजे रक्त कमी, वर्षानुवर्षं डोक्यावर हंडे आणि भारे, पाठोपाठची बाळंतपणं, मिश्री. तंबाखू ओढणाऱ्या बायकांची पाळी एक-दोन वर्षं आधी जाते हे तर पक्कं माहीत आहे, आणि मिश्रीही तंबाखूचीच.

सगळ्यात वाईट म्हणजे गर्भाची पिशवी काढणं. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या 2019 च्या सरकारी पाहणीत 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यातल्या कित्येक चाळिशीच्या आतल्या. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एकदम अंगावर येतो, आणि अंडाशयं ठेवली तरी ती लवकर थकू शकतात. भारतात पाळी जायचं सरासरी वय 46-47 धरतात, मग पस्तिशीतच इस्ट्रोजेन आणि त्याच्याबरोबर हाडांचं संरक्षण गेलेल्या बाईने पुढची चाळीस वर्षं मोळ्या कशा उचलायच्या? तिच्या कंबरदुखीला "वय झालं" म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

आशाताई तिशीपुढच्या लोकांचा जो फॉर्म भरून घेतात त्यात पाळी गेल्यावर रक्त जातं का हा प्रश्न आहे, आणि तो हवाच, कारण पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी डॉक्टरकडे जायलाच पाहिजे, ठाण्यात काय आणि अकोल्यात काय. माझी मागणी एवढीच आहे की त्याच्याच खाली अजून चार ओळी घाला: रात्री झोप लागते का, अंगाला आग होते का, सांधे दुखतात का, पिशवी काढली असेल तर कितव्या वर्षी. आणि हे सासू किंवा नवरा बाजूला बसलेला नसताना विचारा.